पोत्यात बांधलेली ३७ पुस्तकं: आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सगळे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खुलं लिहितोय कारण बंद पाकिटातली दोन आधी देऊन झाली. एक ग्रंथपाल मॅडमच्या हातात दिलं, एक कार्यवाह सरांच्या घरी स्वतः जाऊन, चहासुद्धा घेतला, सर म्हणाले "बघतो". त्याला आता दोन महिने होतील. तेव्हा म्हटलं गावात सगळ्यांनाच वाचू दे, वाचनालय काही तुमच्या-माझ्या घरचं नाही.

विषय तुम्हाला माहिती आहे. मार्चमध्ये बाल विभागाच्या दारावर नोटीस लागली की "सदर जपानी चित्रकथा जुगार, जादूटोणा व हिंसेस प्रोत्साहन देणाऱ्या असल्याने वितरण बंद करण्यात येत आहे", आणि त्याच दिवशी यू-गी-ओहची ३७ पुस्तकं कपाटातून गेली. कुठे गेली ते मी शोधून काढलं. जिन्याखालच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या पोत्यात, तोंड सुतळीने बांधलेलं, त्याच्या शेजारी मागच्या गणपतीचं थर्माकोल आणि एक मोडका टेबल फॅन. ती खोली पावसाळ्यात कशी असते ते मी तुम्हाला सांगायला नको, भिंतीला हात लावला तर ओला होतो. मृग तोंडावर आलाय. म्हणून ही घाई.

माझा यात संबंध काय तेही सांगून टाकतो म्हणजे कोणी म्हणायला नको. ही पुस्तकं माझ्या मामाची. मामा बोटीवर इलेक्ट्रिशियन होता, २००३ पासून जिथे बोट लागेल तिथल्या पुस्तकांच्या दुकानातून एकेक पुस्तक घ्यायचा आणि सहा-सहा महिन्यांनी घरी आला की माझ्यासमोर टाकायचा. आम्ही पोरं चॉकलेटची वाट बघायचो आणि तो बॅगेतून पुस्तक काढायचा. इंग्रजीत सगळी मिळून ३८ आहेत, यू-गी-ओह नावाने ७, मग ड्युएलिस्ट नावाने २४ आणि शेवटी मिलेनियम वर्ल्ड ७. सगळी जमवायला मामाला आठ वर्षं लागली. २०१९ ला घराचं छप्पर काढलं तेव्हा त्याने आख्खा सेट वाचनालयाला दिला, तुमच्याच दाखल नोंदवहीत नोंद आहे, मी स्वतः नंबर घालायला बसलो होतो. त्यातलं ड्युएलिस्टचं नववं कोणीतरी नेलं ते परत आलंच नाही, म्हणून ३७.

माझं इंग्रजी ह्या पुस्तकांवर झालंय. शाळेत नापास होता होता वाचलो ते ह्याच्यामुळे, कारण पुढे काय होतं हे कळायला डिक्शनरी घेऊन बसायला लागायचं आणि मामाला विचारायची सोय नव्हती, तो कुठेतरी ब्राझीलच्या बाजूला असायचा.

आता तक्रारीबद्दल. ज्या पालकांनी तक्रार केली त्यांच्यावर माझा राग नाही, मुलांची काळजी करणारा माणूस आहे, आणि गंमत म्हणजे त्या अर्जाच्या झेरॉक्स माझ्याच दुकानात निघाल्या. मी गिऱ्हाइकाचे कागद वाचत नाही पण चार कॉप्या काढताना वरची दोन वाक्यं डोळ्यात घुसतातच. त्यात लिहिलं होतं की पुस्तकाच्या पहिल्याच पानापासून मारामारी आहे. सर, ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. जपानी पद्धतीने. आपण ज्याला मलपृष्ठ म्हणतो तिथून सुरुवात. त्यांनी जे पहिलं पान म्हणून बघितलं ते शेवटचं होतं. शेवटाकडून बघितलं तर आपलं महाभारतपण नुसतं प्रेतांनी भरलेलं दिसेल. बरं त्यांचं एक वेळ जाऊ दे, पण तुम्ही सात जणांनी सह्या केल्यात, तुमच्यापैकी एकाने तरी पुस्तक सरळ बाजूने उघडलं का? मी मामाला फोनवर नोटीस वाचून दाखवली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आधी वाचून तरी बघा म्हणा तेंका."

वाचलं नसणार हे धरून मीच सांगतो आत काय आहे.

काझुकी ताकाहाशी नावाच्या चित्रकाराने १९९६ च्या सप्टेंबरमध्ये वीकली शोनेन जंप ह्या साप्ताहिकात ही मालिका सुरू केली, २००४ च्या मार्चमध्ये संपवली, ३४३ प्रकरणं. नावाचा अर्थ खेळांचा राजा. हीरो युगी मुतो, हायस्कूलमधला पोरगा, उंचीने लहान, मित्र नाहीत, वर्गात सगळे बाहेर खेळायला गेले की हा एकटा बसून खेळ मांडतो. आजोबांचं खेळांचं दुकान आहे. त्यांच्याकडून मिळालेलं एक इजिप्तचं सोन्याचं कोडं तो आठ वर्षं सोडवतोय, आणि ते सुटलं तर त्याला मागायचं काय आहे तर मित्र. पैसा नाही, ताकद नाही, मित्र. कोडं सुटतं आणि त्याच्या अंगात दुसराच एकजण जागा होतो, जो अन्याय करणाऱ्याला खेळाचं आव्हान देतो. खेळात लबाडी केली की शिक्षा.

नोटिशीतला "जादूटोणा" तो हाच. तक्रारीत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा उल्लेख आहे असं ऐकलं. तो कायदा मी त्यावेळी वाचलेला, झेरॉक्सवाल्याकडे सगळे कायदे येतात. तो जिवंत माणसांना फसवणाऱ्या, छळणाऱ्या भोंदूंसाठी आहे, गोष्टीतल्या भुतांसाठी नाही. नाहीतर आधी वेताळाच्या सगळ्या गोष्टी पोत्यात घाला, मग दशावतारी नाटकातला संकासुर पण घाला.

आता जुगार. इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण नोटिशीतला पहिला शब्द तोच आहे.

पहिल्याच प्रकरणात उशिओ नावाचा दांडगट मुलगा आहे, शाळेतल्या शिस्तीचा प्रमुख, हातात अधिकार आहे आणि त्याचा धंदा केलाय. तो युगीच्या वतीने, युगीने न सांगता, दोन पोरांना बदडतो आणि मग त्याच्याकडे "संरक्षणाचे" दोन लाख येन मागतो. रात्री दुसरा युगी त्याच्यासमोर नोटांची गड्डी ठेवतो. खेळ असा की गड्डी आपल्या हाताच्या पंजावर ठेवायची, वरून सुरी मारायची, सुरीने जेवढ्या नोटा टोचल्या तेवढ्या आपल्या, पण हाताला लागलं तर हरलास. म्हणजे हाव जितकी जास्त तितका हात गेला. उशिओला कळतं की आपला हात आपल्या ताब्यात नाहीये, त्याला जोर कमी करताच येत नाही, आणि शेवटी तो नियम मोडून सुरी घेऊन अंगावर धावतो. शिक्षा काय होते माहितीये? त्याला वाळलेली पानं आणि कचरा नोटांसारखा दिसायला लागतो आणि तो त्यातच लोळत बसतो.

मी बारा वर्षांचा होतो हे वाचलं तेव्हा. आमच्या दुकानाच्या मागे तेव्हा मटक्याची टपरी होती, आता आहे की नाही ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. आकडा लावून बसलेली माणसं मी रोज बघायचो. त्या चित्रानंतर मला ती माणसं वेगळी दिसायला लागली, खरंच सांगतो, पानं गोळा करणारी. जुगाराच्या विरोधात ह्याहून चांगलं भाषण आपल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेलं मला आठवत नाही, आणि मी एकोणीस वर्षं तिकडे खुर्च्या लावतोय.

आणि जोनोउची. युगीचा सगळ्यात जवळचा मित्र, आधी त्याला त्रास देणारा, कोड्याचा एक तुकडा पाण्यात फेकणारा आणि मग स्वतःच उडी मारून काढून आणणारा. त्याचा बाप दारूडा आणि जुगारी, कर्जात बुडालेला. पोरगा मोठ्या स्पर्धेत उतरतो ते बहिणीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या पैशासाठी. अशा घरातली मुलं आपल्या गावात आहेत, बाल विभागात येतात, मी नावानिशी ओळखतो, तुम्हीही ओळखता. त्यांच्या घरात जे चालतं ते पुस्तकात बघून एखाद्याला वाटलं की आपण एकटे नाही, तर ते पुस्तक आपण काढून घ्यायचं? (ह्या दोघांच्या नावातली अक्षरं जोडली की जपानीत "युजो" होतं, म्हणजे मैत्री. ताकाहाशींनी मुद्दाम तशी ठेवली.)

आणि ह्या पुस्तकांना जुगार म्हणणारं वाचनालय ते, ज्याच्या वाचन कक्षात रोज सकाळी पेपर पसरलेले असतात आणि २०२५ ला केंद्राने कायदा करेपर्यंत त्यातच मोठमोठ्या फोटोंसकट पैसे लावून रमी खेळायच्या जाहिराती यायच्या. त्या पेपरांचं वितरण कोणी बंद केलं नाही. चुकूनसुद्धा नाही.

पत्ते म्हटलं की आपल्या लोकांना एकदम तीन पत्तीच आठवते हा काय प्रकार आहे मला कळत नाही. आपण सिंधुदुर्गातली माणसं. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही गंजिफा रंगवतात, गोल पत्ते, दशावतारी गंजिफाचे १२० पान, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. दिवसा रामाच्या पानाने डाव सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या. पाहुणे आले की आपण कौतुकाने दाखवायला नेतो. तिथे देव पत्त्यावर आले तर ती कला, आणि जपानी माणसाने पत्त्यावर ड्रॅगन काढला तर जुगार.

आजोबांचं नाव पण बघा. युगीच्या आजोबांचं नाव सुगोरोकु, हे जपानमधल्या जुन्या पटाच्या खेळाचं नाव आहे. त्यात एक प्रकार होता जोदो सुगोरोकु, फाशांवर नरकातून वर वर चढत बुद्धाच्या शुद्ध भूमीपर्यंत पोचायचं. आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगतात तो मोक्षपट आणि हा, दोन्ही शेजारी ठेवले तर भाऊभाऊ वाटतील. मला हे कोणी शिकवलं नाही, आजोबांच्या नावाचा अर्थ शोधता शोधता मिळालं. बाल विभाग ह्याच्यासाठीच असतो ना?

बरं, हे सगळं पत्त्यांचंच पुस्तक आहे असंही नाही. सुरुवातीला प्रत्येक वेळी वेगळा खेळ असतो, बुटात विंचू ठेवून त्यातली नाणी काढायची, एकच बोट हलवायचं, यो-यो, त्यावेळी जपानमध्ये वेड लागलेले ते डिजिटल पाळीव प्राणी, सगळं. पत्त्यांचा खेळ पहिल्यांदा येतो तो काइबा नावाच्या श्रीमंत मुलाबरोबर, जो आजोबांचा दुर्मीळ पत्ता चोरतो. जपानी मूळात त्या खेळाचं नाव मॅजिक अँड विझर्ड्स, इंग्रजीत ते ड्युएल मॉन्स्टर्स झालं. ताकाहाशींना तो खेळ तेवढ्यापुरताच वापरायचा होता, पण वाचकांची पत्रं यायला लागली की हा खेळ नेमका काय आहे, आम्हाला पण खेळायचाय, आणि मालिका तिकडे वळली. १९९९ पासून कोनामी कंपनीचे खरे पत्ते बाजारात आले आणि पुढे ते इतके खपले की गिनीज बुकात नोंद झाली. म्हणजे बघा, वाचकांच्या पत्रांनी आख्ख्या मालिकेची दिशा बदलली. आणि आपल्याकडे दोन पत्रांना पोच नाही.

काइबाची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही कारण तुमचं उन्हाळी बुद्धिबळ शिबिर चालू आहे. हा काइबा अनाथ. एका धनाढ्य माणसाला बुद्धिबळात हरवून त्याच्याकडून स्वतःला आणि लहान भावाला दत्तक घ्यायला लावतो, आणि तो डाव त्याने लबाडीने जिंकलेला असतो. तिथून पुढे त्याचं जे काही होतं ते त्या एका डावाचं व्याज. वाईट पत्त्यांचा खेळ आणि चांगला बुद्धिबळाचा खेळ असं त्या पुस्तकात नाहीच आहे. खेळणारा कसा आहे एवढंच आहे. ताकाहाशींचं म्हणणं होतं की मारामारीच्या मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, खूप झाल्या, मला असा हीरो हवा जो कोणाला हाताने मारत नाही. म्हणून खेळ.

आता तुमच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर म्हणाल की हा भक्तच आहे. हिंसा आहे. पहिल्या सात पुस्तकांत बरीच आहे. पळालेला कैदी येतो, आग लागते, त्या शिक्षा काही काही वेळा गुन्ह्यापेक्षा मोठ्या आहेत आणि दुसरा युगी सुरुवातीला मलाही क्रूर वाटतो, अजून वाटतो. एका खेळात मुलांचे आत्मे शिशाच्या बाहुल्यांमध्ये अडकतात आणि बाकुरा नावाच्या मुलाच्या हाताचं जे होतं ते पान मी लहानपणी दोन बोटांनी झाकून उलटायचो. मुलींना कामं फार कमी दिलीत, युगीची मैत्रीण आंझू, तिला बहुतेक वेळा बाजूला उभं राहून ओरडायचंच काम, हे माझ्या भाचीने मला दाखवलं, मला इतकी वर्षं दिसलंच नव्हतं. आणि मधली काही पुस्तकं लांबलीत. नियम मध्येच बदलतात. हे सगळं मान्य. सातवीच्या खालच्या मुलांना देऊ नका, मी स्वतः सही करतो त्याच्यावर.

पण वयाची अट घालणं वेगळं आणि पोत्यात घालणं वेगळं.

मुलांना वाचवायच्या नादात काय होतं त्याचा एक नमुना ह्याच मालिकेचा आहे. २००० ला जपानमध्ये ह्याची दुसरी टीव्ही मालिका सुरू झाली, ती अमेरिकेत नेताना तिथल्या लोकांनी साफसफाई केली. पिस्तुलं पुसून टाकली, पण हात तसेच राहिले, त्यामुळे काळ्या कोटातले गुंड काइबावर नुसती बोटं रोखून उभे आहेत आणि तो घाबरलाय असं दिसतं. मरण हा शब्द नको म्हणून कोणी मेलं की "शॅडो रेल्म" मध्ये, म्हणजे सावल्यांच्या दुनियेत, गेलं म्हणायचं. एका डावात हरणाऱ्याचे पाय कापणारी करवतीची चाकं होती, त्यांना निळा प्रकाश देऊन कसलीतरी काळी शक्ती करून टाकलं. आता ती पोरं मोठी झालीत आणि त्या बोटांवर जगभर हसतात. मुलांना फसवता येत नाही हो, ती नंतर हसतात आणि आपल्यावरच हसतात. पुस्तकात मात्र तसं काही नाही, ज्याने पत्ते निर्माण केले तो पेगासस टीव्हीवर वाचतो, पुस्तकात मरतो, आणि का मरतो ते समजून घ्यायला लागतं, कारण तो वाईट असला तरी त्याला फक्त गेलेलं माणूस परत हवं होतं.

माझी भाची सातवीत आहे. नोटीस लागली तेव्हा ती बॅटल सिटी नावाच्या स्पर्धेच्या मध्यावर होती, बंदराच्या धक्क्यावरचा डाव. युगी आणि जोनोउची समोरासमोर, जोनोउचीचं मन दुसऱ्याच्या ताब्यात, दोघांच्या पायाला साखळी, साखळीला नांगर, घड्याळ चालू, वेळ संपला की नांगर समुद्रात. आणि पुढचं पुस्तक पोत्यात. दोन महिने ती मला विचारतेय मामा पुढे काय झालं आणि मी सांगत नाहीये, कारण ते सांगायचं नसतं, ते पान स्वतः उलटायचं असतं. तिला मोबाइलवर शोधता येईल, येतच असेल, पण तिने नाही शोधलं. ती रोज संध्याकाळी बाल विभागात जाऊन विचारते, ग्रंथपाल मॅडम मान खाली घालतात. मॅडमना ह्यात ओढायचं नाहीये मला, त्यांनी विरोध केला होता असं मला वाटतं, त्या बोलत नाहीत.

आणखी एक गोष्ट, मग मुद्द्यावर येतो.

जुलै २०२२ मध्ये ताकाहाशी गेले. साठ वर्षांचे होते. ६ जुलैला ओकिनावाच्या नागो शहराजवळच्या समुद्रात त्यांचा देह सापडला, अंगावर स्नॉर्केलिंगचं सामान. सगळ्यांनी तो अपघात म्हणून सोडून दिला. ऑक्टोबरमध्ये अमेरिकन सैन्याच्या वर्तमानपत्रात बातमी आली की ४ तारखेला तिथल्या एका खाडीत एक मायलेकी आणि एक सैनिक ओढीत सापडले होते, आणि त्यांना वाचवायला जे पाण्यात उतरले त्यात ताकाहाशी होते. ती तिघं वाचली. हे परत आले नाहीत. आपण किनाऱ्यावरची माणसं, ओहोटीची ओढ काय असते ते मला कोणाला समजावून सांगायची गरज नाही, दर मे महिन्यात आपल्याकडे कोणीतरी पर्यटक जातो आणि कोणीतरी गाववाला त्याच्या मागे उडी मारतो. नांगर आणि साखळीचं ते पान ज्याने काढलं तो माणूस असा गेला. मामाला मी ही बातमी वाचून दाखवली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, मग उठून बाहेर जाऊन नारळ सोलत बसला.

आता तुमचं जे मला पटलेलं नाही ते सरळ लिहितो.

निर्णय कार्यकारी मंडळाच्या कुठल्या सभेत झाला, ठराव क्रमांक काय, हे नोटिशीवर नाही. मी इतिवृत्त बघायला मागितलं तर "अजून लिहायचंय" म्हणाले. लिहायच्या आधी सुतळी बांधून झाली होती. ग्रंथ निवड समिती आपल्याकडे आहे, तिला विचारलं होतं का? पुस्तक कपाटातून कायमचं काढायचं असेल तर निर्लेखनाची पद्धत आहे, फाटलेल्या पुस्तकालासुद्धा ती लागते, मग ह्या धडधाकट पुस्तकांना का नाही? ज्याने दिली त्या माणसाला साधा फोन केला नाही, तो गावातच राहतो, रोज वाचन कक्षात पेपर वाचायला येतो, तुम्ही त्याला नमस्कार करता. आणि मुलांना कोणीच काही विचारलं नाही. वर्गणी त्यांच्याकडून पण घेता ना?

एका अर्जावर ३७ पुस्तकं गेली. उद्या कोणी दुसरा अर्ज घेऊन आला की ह्या कवितेत दारूचा उल्लेख आहे, त्या कादंबरीत जात आहे, मग? जिन्याखालची खोली लहान आहे सर.

माझ्या मागण्या:

पोतं आठ दिवसांत बाहेर काढा. निर्णय काय व्हायचा तो होऊ दे, पण पुस्तकं त्या खोलीत पाऊस बघता कामा नयेत. पंख्याखाली दोन दिवस पसरून ठेवा, मी येऊन पसरतो, कापूर आणि कडुलिंबाचा पाला माझ्याकडून.

ठराव आणि इतिवृत्त सूचना फलकावर लावा. नसेल झालेला ठराव तर तसं लिहा आणि दारावरची नोटीस उतरवा.

विषय पुन्हा सभेत घ्या, आणि त्या आधी मंडळातल्या निदान तिघांनी पहिली दोन पुस्तकं वाचलेली असू देत. उजवीकडून. इंग्रजी सोपं आहे, कुठे अडलं तर भाची समजावून सांगेल, ती फी घेणार नाही. तक्रार करणाऱ्या पालकांनाही बोलवा आणि मामालाही बोलवा. मी मागे बसेन, बोलणार नाही. बरं, थोडं बोलेन.

मोठ्या मुलांसाठी वेगळं कपाट करा. मागच्या भिंतीला जे रिकामं आहे तेच. पहिली सात पुस्तकं तेरा वर्षांच्या पुढे, बाकीची सातवीपासून पुढे, पालकांची सही लागत असेल तर सही घ्या. स्टिकर मी छापून देतो, माझा धंदाच आहे तो.

आणि एवढं करूनही नकोच असतील तर रीतसर निर्लेखन करून, दाखल क्रमांकांच्या यादीसकट, मामाच्या हातात परत द्या. रद्दीत नाही. मामाच्या हातात. मी दुकानात एक फळी रिकामी करून ठेवलीय, हायस्कूल समोरच आहे, पोरं येतील. पण मला ते नकोय, खरं सांगतो. पुस्तकं दुकानात गेली की ती माझी होतात, वाचनालयात असली की सगळ्यांची.

उत्तर बोलून नको, लेखी द्या. सभा कधी घेताय ती तारीख दिलीत तरी चालेल.

आपला,
आधी बाल विभागाचा आणि आता आजीव सभासद,
हायस्कूलसमोरचा झेरॉक्सवाला

ता. क. ड्युएलिस्ट क्रमांक ९ ज्याच्याकडे असेल त्याने माझ्या दुकानात आणून टाकावं. नाव विचारणार नाही, दंड मी भरतो. दुकान बंद असेल तर शटरच्या खालून सरकवा, पण पाऊस सुरू व्हायच्या आधी.